मी चांगलं काम करत होतो, मग मलाच का काढलं?

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातले नोकरी गेलेले आयटीवाले खूप यायला लागलेत आणि प्रश्न जवळजवळ शब्द न बदलता तोच असतो, मॅडम माझं रेटिंग चांगलं होतं, क्लायंट खूश होता, मग मलाच का काढलं? पैशाची काळजी असतेच, होम लोन, मुलांची फी सगळं असतं, पण ते नंतर निघतं, आधी हे "मलाच का". म्हणून एक केस जरा सविस्तर लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्याची परवानगी घेतलीये.

चाळिशीच्या आसपासचा माणूस, एका अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात नऊ वर्षं, त्यातली शेवटची काही टीम लीड. एका दुपारी एचआरचा कॉल आला, वीसेक मिनिटांचा, प्रॉडक्ट बंद होतंय, आजच स्वतःहून राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटरवर काही येणार नाही. त्याने दिला. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. बायकोला दोन दिवसांनी सांगितलं आणि वडिलांना सांगितलंच नाही, कारण वडील आकुर्डीच्या कारखान्यात एकाच कंपनीत तीस वर्षं काढलेले.

सुरुवातीच्या सेशन्समधे तो फोनमधले अप्रेजल दाखवायचा, वर्षावर्षाचे. आणि स्वतःची चूक शोधायचा. "त्या मीटिंगमधे मी व्हीपीला सगळ्यांसमोर नाही म्हणालो होतो, त्याने असेल का?" "मी क्लाऊडचं सर्टिफिकेशन पुढे ढकललं, त्यामुळे?" अशा माणसाला "मनाला लावून घेऊ नका" म्हणून काही उपयोग नसतो, घरचे, मित्र सगळे तेच म्हणत असतात आणि त्याला ते कीव केल्यासारखं वाटतं. मी त्याला शोधू देत होते. तो शोधता शोधता एक दिवस फार चिडून बोलला, आणि माझ्या मते सगळी केस तिथे फिरली.

"आणि आमच्या टीममधला तो जर्मनीतला म्युनिकवाला अजून आहे, मॅडम! त्याला ते प्रॉडक्ट मी शिकवलंय, रात्री दहा-दहापर्यंत कॉलवर बसून."

"तो का राहिला असेल?"

"तिकडे वर्क्स कौन्सिल असतं ना, कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती, त्यांच्याशी बोलल्याशिवाय कंपनीला काही करता येत नाही, अजून त्यांच्या मीटिंगाच चालल्यात. शिवाय त्याला दोन मुलं, सर्व्हिस जास्त, ते सगळं मोजतात."

"म्हणजे तो तुमच्यापेक्षा चांगला इंजिनिअर आहे म्हणून राहिला नाही."

"नाही! तोच तर प्रॉब्लेम आहे."

"मग तुम्ही वाईट इंजिनिअर होतात म्हणून गेलात, हे कसं काय?"

तो गप्प झाला आणि मीही मुद्दाम गप्प राहिले, अशा वेळी समुपदेशकाने मधे बोलायचा मोह आवरायचा असतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "म्हणजे ह्यात माझं रेटिंग कुठे नव्हतंच." आणि लगेच, "मग मी इतके दिवस नक्की काय शोधतोय?"

जर्मनीत धंद्याच्या कारणाने माणसं कमी करायची तर कुणाला काढायचं हे साहेबाच्या मर्जीवर नसतं, नोकरीची वर्षं, वय, कुणाला किती जणांना पोसायचंय आणि अपंगत्व हे कायद्याने बघावं लागतं. त्याआधी तिथे कमी तासांची सोय आहे, कंपनी कामाचे तास कमी करते आणि बुडालेल्या हातातल्या पगाराचे 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के सरकारी बेरोजगारी विमा देतो. एप्रिल 2020 मधे साधारण 60 लाख लोक त्यावर होते, म्हणजे त्यांची नोकरी सुटलीच नाही. अमेरिकेत उलट, बहुतेक राज्यांत दोन्ही बाजूंना केव्हाही नोकरी संपवता येते, मोठ्या कंपन्यांनी मोठी कपात करताना 60 दिवस आधी नोटीस द्यायची एवढा 1988 चा कायदा आहे. जपानमधे मोठ्या कंपन्या काढत नाहीत असं आपण ऐकतो पण तिथेही काही ठिकाणी माणसाला काम न देता एका वेगळ्या खोलीत बसवून ठेवायची पद्धत निघाली, कंटाळून त्यानेच जावं म्हणून. तेव्हा काढलं नाही म्हणजे मान दिला असंही नाही. एकच प्रॉडक्ट, एकच टीम, पण कोण राहिलं आणि कोण गेलं हे देशाच्या नियमांनी ठरवलं, आणि माझ्यासमोर बसलेला माणूस ते स्वतःच्या लायकीचं सर्टिफिकेट समजून वाचत होता.

पुढच्या वेळी तो विचारात पडून आला. "मॅडम, मग इथे आपल्याला काही किंमतच नाही का?" मला हा प्रश्न आवडला कारण त्यात लाज नव्हती, राग होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते आणि इतक्या वर्षांनंतरही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते की माणसाच्या कामाला मार्क देता येतात, अख्ख्या माणसाला नाही. कंपनी तर ते देऊच शकत नाही. लाज माणसाला घरात कोंडते, अन्यायाचा राग मात्र कामाला लावता येतो. मी म्हटलं, राग राहू दे, फक्त तो कशावर आहे ते नीट लिहून काढा. त्याने लिहिलं: त्याच दिवशी सही मागितली, नोटीस नाही, कुणाशी बोलायची संधी नाही. "माझ्यात काय कमी होतं" हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मग त्याने वडिलांना सांगितलं. लेक्चर ऐकायची तयारी करून गेला होता आणि वडिलांचा पहिला प्रश्न, "ग्रॅच्युइटी जमा झाली का?" त्यांच्या कारखान्यात व्हीआरएस आली तेव्हा युनियनवाले एकेकाचा हिशोब घेऊन बसले होते, त्यामुळे त्यांना सगळं पाठ. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, आणि ती 30 दिवसांत द्यायची असते. जमा झालेली नव्हती. बापलेकांनी बसून मेल लिहिला, पैसे आले. मी कित्येक सेशन्समधे जे केलं नसतं ते त्या एका संध्याकाळने केलं असं मला वाटतं, त्या घरात नोकरी जाणं ही आता दोघांना मिळून सोडवायची गोष्ट झाली.

आता हे वाचताय आणि तुमच्यावर ही वेळ आलीये त्यांच्यासाठी. त्या कॉलवर राजीनाम्याची सही करू नका, मला दोन दिवस द्या आणि हे मेलवर पाठवा एवढंच म्हणा. आपल्याकडे कामगार ठरणाऱ्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षाला 15 दिवसांचा पगार हे कपातीत 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या कामगार संहितेतही आहे, मॅनेजरला ते लागू नाही, पण तुम्ही कशात बसता ते पदाच्या नावावर नाही तर खऱ्या कामावर ठरतं, आणि स्वतः राजीनामा दिलात की हा मुद्दाच अवघड होतो. वकिलाला किंवा पुण्यातल्याच आयटी कर्मचारी संघटनेला विचारा. घरी त्याच दिवशी सांगा, दोन दिवस लपवलेलं लपवणाऱ्यालाच जास्त पोखरतं.

आणि दिवसाला आकार ठेवा. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा ही सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अभ्यास केला, तर लोकांकडे वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं आणि पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले होते. पगाराबरोबर उठायची वेळ, चार माणसांशी बोलणं, कुणालातरी आपली गरज असणं हे सगळं जातं, म्हणून नोकरी शोधायचे तास ठरवा आणि ते संपले की लॅपटॉप बंद. माझ्याकडचा हा माणूस सकाळी अर्धा दिवस अर्ज करायचा आणि दुपारी कॉलनीतल्या दोन मुलांना कोडिंग शिकवायचा. शिकवायला त्याला येत होतंच, म्युनिकपर्यंत शिकवलेलं होतं.

ज्यांची नोकरी राहिलीये त्यांनाही एक सांगायचंय. गेलेल्या सहकाऱ्याला काय बोलायचं कळत नाही म्हणून फोनच केला जात नाही, आणि तिकडे तो त्याचा अर्थ मी खरंच कुणी नव्हतो असा लावतो. "होईल सगळं ठीक" नका म्हणू. सीव्ही पाठव, आमच्या ओळखीत कुणाला देऊ ते सांग, एवढं म्हणा आणि खरंच पाठवा.