कथासंग्रह प्रकाशकाकडे पाठवायच्या आधी कॉपीराइट रजिस्टर करावाच लागतो का?

नाही, रजिस्ट्रेशन कंपल्सरी नाहीये, तुम्ही कथा कागदावर किंवा कॉम्प्युटरवर लिहिली त्याच क्षणी कॉपीराइट तुमचा झाला, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. पण उद्या भांडण कोर्टात गेलंच तर कलम 48 प्रमाणे रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणून संग्रहावर खरंच मेहनत घेतली असेल तर करून टाका. अप्रकाशित लेखनाचंही होतं, कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर फॉर्म 14 ऑनलाइन भरायचा, साहित्यकृतीची फी 500 रुपये, मग हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं आणि त्यानंतर तपासणी, त्यामुळे सर्टिफिकेट लगेच हातात येईल असं धरून चालू नका. तोवर निदान एवढं करा:

- कच्चे खर्डे, जुन्या फाइली डिलीट करू नका
- प्रकाशकाला हस्तलिखित ईमेलनेच पाठवा, तारीख आपोआप राहते
- करारात 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे' असं असेल तर सही करू नका, नवे लेखक फसतात ते बहुतेक इथेच

फक्त एक, संरक्षण तुमच्या शब्दांना आणि मांडणीला मिळतं, नुसत्या कल्पनेला नाही, त्याच विषयावर दुसऱ्याने स्वतःची कथा लिहिली तर अडवता येत नाही.