अकरा वर्षं दुकानाच्या फ्लोअरवर झाली, आता पुढे काय?

सल्ला घ्यायला आलेले गृहस्थ ३४ वर्षांचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घर वडोदऱ्यात दांडिया बाजारात, सयाजीराव विद्यापीठाचे बी.कॉम., जुन्या पादरा रोडवरच्या एका सुपरमार्केटात ११ वर्षं. बिलिंगवर लागले, आता डिपार्टमेंट मॅनेजर. वडील फर्टिलायझर कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी दुकानातली नोकरी ही नोकरीच नव्हे. "नवरात्र नाही, दिवाळी नाही, रविवार नाही. निदान ऑफिसात तरी बस," हे रोजचं.

प्रश्न नेहमीचाच होता: "सर, पन्नाशीतही मी रॅकच लावत राहणार का? का नोकरी सोडून एमबीए करून टाकू?"

भीती खोटी नाही. दुकानात स्टोअर मॅनेजर एकच असतो, आणि त्याच्या वरची एरिया मॅनेजरची खुर्ची मिळालीच तर बहुधा भरूच-सुरतची बदली घेऊन येते. पण याच धंद्यात दुसरी वाट आहे: आयटम मास्टर (प्रत्येक मालाच्या कोड-किमतीची यादी), रिप्लेनिशमेंट (संपत आलेला माल पुन्हा मागवणं), इन्व्हेंटरी कंट्रोल (साठ्याचा ताळा), बिलिंग सॉफ्टवेअरची चाचणी. तिथे कोडिंग येणारे पुष्कळ असतात. संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरवर नेमकं काय बिनसतं, हे जाणणारे थोडे.

"माझ्याकडे असं काय आहे?" म्हणाले. शेवटच्या स्टॉकटेकचा, म्हणजे साठ्याच्या मोजणीचा, फरकाचा कागद काढायला सांगितला. एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा साबण: चंदन १८ नग जास्त, गुलाब १७ नग कमी. कारण त्यांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं. गिऱ्हाईक दोन चंदन, दोन गुलाब घेतं. कॅशियर एक चंदन स्कॅन करून क्वांटिटी ४ मारतो. पैसे बरोबर येतात, म्हणून कुणी बोलत नाही. पुढे मात्र सिस्टीमला गुलाब शिल्लक दिसतो, ऑर्डर जात नाही आणि रॅक रिकामा राहतो. चंदन संपल्यासारखं दिसतं, म्हणून तेच पुन्हा येतं. ऑफिसात बसून हा दोष शोधायला माणसाला महिना लागेल.

त्यांना आठ आठवड्यांचं काम दिलं. आठवड्याला सर्वांत जास्त फरकाचे ५० आयटम मोजायचे, दुकान उघडण्यापूर्वी. खाने पाच: कोड, सिस्टीमचा साठा, मोजलेला साठा, फरक, कारण. कारणं चारच: बिलिंग, जीआरएन (आलेल्या मालाची नोंद), ट्रान्सफर (दुसऱ्या दुकानाशी मालाची देवघेव), चोरी-मोडतोड. आदल्या रात्री आलेला माल जीआरएनमध्ये चढलाय ना, हे आधी बघायचं. नाहीतर फरक खोटा निघतो आणि सगळी वही वाया. त्यात जीआरएनची एक जुनी खोड हमखास सापडते: २४ नगांचा खोका '१' म्हणून चढवला की २३ नग जास्त दिसतात. आणि कारण सापडेना तेव्हा सरसकट 'चोरी' लिहायचं नाही, खाना रिकामा ठेवायचा.

मग साहेबांकडे जायचं. "मला आयटीत घ्या" असं म्हटलं, तर कुठलाही स्टोअर मॅनेजर हाताशी आलेला माणूस सोडणार नाही. एका पानावर कारणं, प्रत्येकामागे अडकलेले रुपये आणि एकेक उपाय न्यायचा. मागायचं एवढंच, की बिलिंग सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनच्या चाचणीला आणि नवं दुकान उघडताना मला बसवा.

चाचणीत फ्लोअरचा माणूस कुठे उपयोगी पडतो? २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी, त्याहून महाग असेल तर १८. ३,४९९ चा कुर्ता सेलमध्ये ४० टक्के सुटीने २,०९९ ला गेला, तर दर ५ लागायला हवा. सिस्टीम छापील किमतीवरून दर धरते की सूट वजा करून? आणि तोच कुर्ता सेल संपल्यावर परत आला, तर परतावा मूळ बिलाच्या दराने होतो का? या चाचण्या गिऱ्हाइकाची हुज्जत ऐकलेल्या माणसाला आपसूक सुचतात.

शिकायचं ते क्रमाने. एक्सेलमध्ये पिव्हट आणि लुकअप पक्के. मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), तेही सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय एवढंच. आठवड्याला पाच तास दिले तर तीन-चार महिन्यांत होतं. एमबीए आत्ता नको. नोकरी सोडून केलेल्या पदवीने ते पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत उभे राहतील. मुख्य कार्यालयाच्या पदाला पदवीची अट आडवी आलीच, तर नोकरी सांभाळून करावं.

वडिलांनाही खरं सांगून ठेवलेलं बरं: सिस्टीमच्या कामातही दिवाळीत फोन वाजतो. मात्र ऐन सणात दुकानांच्या साखळ्या सहसा सिस्टीममध्ये मोठे बदल करत नाहीत, त्यामुळे ताण बराचसा आधीच्या महिन्यांत येतो.

पगाराचा मुद्दा त्यांनी उठता उठता काढला. सिस्टीममधली पहिली जागा बहुधा त्याच पगारावर मिळते आणि दुकानाचा इन्सेन्टिव्ह जातो. म्हणून हो म्हणण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्यायच्या: इन्सेन्टिव्हच्या बदल्यात काय, महिन्याला फिरती किती दिवस, आणि रिपोर्टिंग आयटीला की ऑपरेशन्सला. त्यांच्या बाबतीत ऑपरेशन्स बरं. सुरुवातीला तरी त्यांची भाषा तिथेच कळेल.