कमी चाललेली स्पोर्ट्स कार आणि तिची पुढची किंमत

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. नव्या गाडीच्या किमतीतली मोठी घसरण पहिल्या दोन-तीन वर्षांत होते आणि ती पहिल्या मालकाने सोसलेली असते, म्हणून थोडी वापरलेली स्पोर्ट्स कार घेतल्यास विकताना फारसे नुकसान होणार नाही, असे तू लिहितोस. हे बव्हंशी खरे आहे. मात्र तू निवडलेल्या गाडीबाबत ते कितपत लागू पडेल, याची मला शंका वाटते.

तिचे कमी किलोमीटर हेच तुझ्या मनात भरलेले दिसते. अशा गाडीसाठी आपण जे जादा पैसे मोजतो, ते तिच्या न वापरलेपणाचे असतात, आणि तू ती हौसेने चालवू लागलास की नेमके तेच मूल्य आधी संपते. ज्याला गाडी खरोखर चालवायची आहे, त्याने मध्यम चाललेली, पण सर्व्हिसच्या संपूर्ण नोंदी असलेली गाडी घ्यावी, कारण तिच्यावर आणखी काही हजार किलोमीटर चढले तरी पुढचा ग्राहक फारसा बिचकत नाही. शिवाय नुसती उभी राहिलेली गाडी निरोगी असतेच असे नाही. टायर न झिजताही जुने होतात, आणि त्यांच्या कडेवरचे चार आकडे ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनले, हे सांगतात.

दुर्मीळतेवरही फार विसंबू नकोस. पोर्शे कंपनीने २०१६ साली ९११ आर ही मॅन्युअल गिअरबॉक्सची स्पोर्ट्स कार केवळ ९९१ गाड्यांपुरती काढली, तेव्हा तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. पण पुढच्याच वर्षी तिच्याच जातीच्या ९११ जीटी३मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स परत आला आणि ते चढे भाव बरेच उतरले. दुर्मीळता टिकवणे विकणाऱ्याच्या नव्हे, तर कंपनीच्या हाती असते.

याउलट एखाद्या इंजिनाची बदनामी मात्र चिवट असते. पोर्शेच्याच ९११ कॅरेराच्या ‘९९७’ नावाच्या पिढीतील २००८पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्ट या आतल्या फिरत्या दांड्याचे बेअरिंग निकामी होण्याची धास्ती आहे, तर २००९च्या मॉडेलपासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. त्यामुळे बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या या गाड्यांकडे ग्राहक अगदी वेगळ्या नजरेने पाहतात. तू जे मॉडेल घेशील, त्याचे असे दुखणे आधी शोधून काढ.

रंगाविषयी तू बरेच लिहिले आहेस, पण तो तुझ्या आवडीचा घे. बदललेला एक्झॉस्ट किंवा खाली केलेले सस्पेन्शन यांसाठी मात्र जादा पैसे देऊ नकोस, कारण पुढचा ग्राहकही ते देणार नाही. मूळ सुटे भाग मिळत असतील तर अवश्य मागून घे.

इसार देण्यापूर्वी त्रयस्थ जाणकाराकडून रंगाची जाडी मोजून घे, म्हणजे अपघाताची दुरुस्ती लपणार नाही. काही गाड्यांच्या संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याची नोंद राहते. ती मिळाल्यास सर्व्हिसच्या नोंदींबरोबर मला पाठव, मग किमतीचे बोलू.

तुझा हितचिंतक