‘टेस्टोन’: चाचणीचे नाणे की डोक्याचे?

प्रश्न असा आहे: मिलानच्या ड्यूकच्या चांदीच्या नाण्याला ‘टेस्टोन’ म्हणतात, ते चाचणीदाखल पाडले होते म्हणून का?

नाही. इटालियनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे डोके. त्याला मोठेपणा दाखवणारा ‘ओने’ हा प्रत्यय लागून ‘तेस्तोने’ झाले. अर्थ, भलेमोठे डोके. आपल्याकडे ‘राणीछाप’ रुपया म्हणत, तसेच हे छापावरून पडलेले नाव.

पंधराव्या शतकात इटलीतली चांदीची नाणी बहुतेक पातळ आणि लहान असत. त्यांवर क्रूस, संत नाहीतर राजचिन्ह असे. 1472 मध्ये व्हेनिस प्रजासत्ताकाचा दोजे, म्हणजे निवडून आलेला प्रमुख, निकोलो त्रोन याने लिरा या चांदीच्या नाण्यावर स्वतःचा दाढीवाला चेहरा उमटवला. प्रजासत्ताकाला हे रुचले नाही आणि 1473 मध्ये तो वारल्यावर दोजेचा असा चेहरा छापण्यावर बंदी आली. मिलानमध्ये ती अडचण नव्हती. ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने 1474 पासून साडेनऊ ग्रॅमच्या आसपासचे जाडजूड नाणे काढले. जाडी होती म्हणूनच चेहऱ्याला उठाव मिळाला: बाकदार नाक, मानेवर रुळणारे केस, अंगात चिलखत. हा निव्वळ राजाचा ठसा नव्हे, एका ओळखू येणाऱ्या माणसाचे चित्र आहे. माझ्या मते या नाण्याचे खरे मोल इथेच आहे. 26 डिसेंबर 1476 रोजी सांतो स्तेफानो चर्चमध्ये गालेआत्सोला भोसकून मारले, पण नाव पसरत गेले. फ्रान्समध्ये ‘तेस्तों’, इंग्लंडमध्ये ‘टेस्टून’, पोर्तुगालमध्ये ‘तोस्तांव’. गंमत म्हणजे मानुएल राजाच्या तोस्तांववर डोके नाहीच, एका बाजूला राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला क्रूस आहे!

प्रश्नातला तर्क मात्र अगदीच निराधार नाही. लॅटिनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे मडके, खापर. लोकांच्या बोलण्यात तेच पुढे डोक्याला चिकटले. आणि इंग्रजी ‘टेस्ट’ आला तो याच कुळातल्या ‘तेस्तुम’वरून. सोने-चांदी पारखायच्या मातीच्या भांड्यावरून तो शब्द पारखण्याच्या क्रियेवर गेला. म्हणजे दोन्ही शब्द लांबचे भाऊबंद, पण नाण्याचे नाव डोक्याच्या शाखेतले.

मराठीत लिहिताना ‘टेस्टोन’पेक्षा ‘तेस्तोने’ बरे, अनेकवचन ‘तेस्तोनी’. इटालियन ‘त’ दंत्य आहे आणि तो आपल्या वर्णमालेत आहेच. ‘टेस्टून’ इंग्लंडच्या नाण्यासाठी राखावा.