वाचकांचे प्रश्न : रस्त्याचे पर्याय आणि २० वर्षांनंतरची वर्दळ

प्रश्न : शहरातील एका गजबजलेल्या रस्त्यासाठी रुंदीकरण, उड्डाणपूल आणि बाहेरून वळणरस्ता असे तीन पर्याय सुचवणारे सादरीकरण मी पाहिले. तिन्हींपुढे २० वर्षांनंतरची वाहनसंख्या मात्र एकच छापलेली होती. रस्ता कोणताही झाला तरी वाहने तेवढीच येणार, हे गृहीतक बरोबर आहे का?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : बरोबर नाही. संपूर्ण शहरातील फेऱ्यांची संख्या तिन्ही पर्यायांत, निदान पहिल्या अंदाजापुरती, सारखी धरता येते. पण त्यांपैकी किती फेऱ्या एका ठरावीक रस्त्यावरून होतील, हे दुसरी वाट कोणती उपलब्ध आहे आणि दोन्ही वाटांनी वेळ किती लागतो यावर ठरते. त्यामुळे प्रत्येक पर्यायासाठी वेगळा अंदाज काढावा लागतो, आणि जोडीला चौथाही : काहीच केले नाही, नुसती डागडुजी करत राहिलो, तर काय होईल? हा चौथा रकाना अहवालात नसेल, तर बाकीच्या तिन्हींचा फायदा कशाच्या तुलनेत मोजला हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिली माहिती लागते ती वाहन कोठून निघाले आणि कोठे चालले याची. कोल्हापूरच्या दसरा चौकात एका तासात किती वाहने गेली हे मोजणे सोपे आहे. पण त्यांतील कोणती रत्नागिरीकडे आरपार निघाली, कोणती लक्ष्मीपुरीच्या बाजारात माल उतरवणार आणि कोणती रुग्ण घेऊन सीपीआर रुग्णालयात आली, हे चालकाला थांबवून विचारल्याशिवाय कळत नाही. ज्यांचे काम शहरातच आहे, त्यांना वळणरस्ता कितीही गुळगुळीत केला तरी उपयोगाचा नाही. दुचाकीस्वार तर बहुतांशी याच गटातले.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत दोन पदरी दुतर्फा मुख्य रस्त्याची क्षमता ताशी १,५०० पीसीयू धरली आहे. पीसीयू म्हणजे मोटारगाडीच्या मापात मोजलेले वाहन : मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५ आणि ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४ ते ५. समजा, गर्दीच्या तासाला दोन्ही दिशांनी मिळून २,२५० पीसीयू शहरातील रस्त्यावर येतात. रस्ता मोकळा असताना येथून जायला १० मिनिटे लागतात, आणि नव्या वळणरस्त्याने, अंतर जास्त असल्यामुळे, १६. ही सगळी वाहने आरपार जाणारीच आहेत, असे वळणरस्त्याला झुकते मापही देऊ.

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सने १९६४ मध्ये प्रसृत केलेले सूत्र आजही जगभर वापरतात. वर्दळीला क्षमतेने भागायचे, उत्तराचा चौथा घात करायचा, त्याला ०.१५ ने गुणायचे; मोकळ्या रस्त्याच्या वेळेत तेवढ्या पटीची भर पडते. आपल्या उदाहरणात भागाकार १.५ येतो आणि प्रवास १७.६ मिनिटांवर जातो. वळणरस्ता खुला झाला की वाहने तिकडे वळू लागतील. पण शहरातील वेळ १६ मिनिटांपर्यंत उतरला की आणखी कोणी वळण्याचे कारण उरत नाही. हा समतोल शहरात सुमारे २,१२० पीसीयू असताना साधतो. म्हणजे वळणरस्त्यावर गेले जेमतेम १३० पीसीयू, आणि शहरातील रस्ता क्षमतेच्या १.४ पट भरलेलाच राहिला! अवजड वाहनांना शहरात बंदी घातली तर चित्र पालटेल. पण मग ती बंदी त्या पर्यायाचाच भाग म्हणून अहवालात लिहायला हवी.

उलट तोच रस्ता दुभाजकासह चौपदरी केला, तर त्याच मार्गदर्शिकेनुसार क्षमता ३,६०० होते आणि वेळ १०.२ मिनिटांवर येतो. मग शेजारच्या गल्लीबोळांतून वाट काढणारेही इकडे येतात, आणि गर्दीच्या धास्तीने घरी थांबणारे बाहेर पडतात. नव्या रस्त्यामुळे अशी जास्तीची वर्दळ निर्माण होते, हे ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ मध्येच मान्य केले होते. उड्डाणपुलाला वरचे सूत्र पुरत नाही. तेथे चौकातील प्रत्येक वळणाची मोजणी लागते, कारण सरळ जाणारे वरून निघून गेले तरी वळणारे खालीच खोळंबतात. सूत्रातील ०.१५ आणि चौथा घात हे अमेरिकी रस्त्यांवरून घेतलेले आहेत. दुचाकी, रिक्षा, केएमटीच्या शहर बस आणि वडापच्या खासगी प्रवासी गाड्या एकाच पदरात दाटीवाटीने चालतात त्या आपल्या रस्त्यांसाठी ते स्थानिक मोजणीवरून पुन्हा ठरवून घेणे भाग आहे. अनेक अहवालांत ते जसेच्या तसे उचललेले असतात.

प्रश्न : एका आठवड्याच्या वाहनगणनेवरून २० वर्षांचा अंदाज कसा बांधतात?
— एक वाचिका, शाहूपुरी

उत्तर : सात दिवस चोवीस तास मोजणी करण्याची पद्धत रूढ आहे; प्रश्न आठवडा कोणता हा आहे. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या रस्ता व्यापतात, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या गाड्या, आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली की सगळेच मार्ग बदलतात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला होता. त्या आठवड्यातील मोजणीवरून कोणी वर्षाची सरासरी काढणार नाही. म्हणून हंगामी गुणक लावतात, आणि त्यासाठी त्या पट्ट्यातील पंपांवरील पेट्रोल-डिझेलची महिनावार विक्री पाहण्याचा जुना प्रघात आहे.

खरी गोम वाढीच्या दरात आहे. वर्षाला ५ टक्के धरले तर २० वर्षांत वर्दळ २.६५ पट होते, ७ टक्के धरले तर ३.८७ पट. दोन टक्क्यांच्या फरकाने चौपदरीचा सहापदरी रस्ता होऊ शकतो. तेव्हा कमी, मध्यम आणि जास्त असे तीन दर घ्यावेत आणि तिन्हींत तोच पर्याय सरस ठरतो का, ते तपासावे. दर बदलताच क्रम बदलत असेल, तर अहवालाने तसे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : संगणकाने काढलेल्या आकड्यांवर कितपत विसंबावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बेताने. १४ देशांतील २१० वाहतूक प्रकल्पांच्या २००५ मधील अभ्यासात, निम्म्या रस्ते प्रकल्पांमध्ये अंदाज आणि प्रत्यक्ष वर्दळ यांत २० टक्क्यांहून अधिक तफावत आढळली. निदान आजची वर्दळ तरी संगणक बरोबर दाखवतो का, हे आधी पाहावे. ब्रिटिश पद्धतीत यासाठी जीईएच नावाचे माप आहे : दोन आकड्यांतील फरकाच्या वर्गाची दुप्पट करून तिला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. प्रत्यक्ष मोजणी ताशी ९०० आणि संगणकाचा आकडा १,००० असेल तर उत्तर ३.२ येते, १,२०० असेल तर ९.३. मोजणी केलेल्या ८५ टक्के ठिकाणी ते ५ च्या आत असावे, अशी अपेक्षा असते. हा तक्ता बहुधा परिशिष्टात असतो. हरकती नोंदवताना तो आवर्जून मागावा.