खराद मशीन विकावी की ठेवावी?

दारव्हा तालुक्यातल्या एका सुतार भावानं विचारलं आहे: सहा वर्षांपूर्वी 45,000 रुपयांना लाकडाची खराद मशीन घेतली. आता रोजी यवतमाळला दारं-चौकटींच्या कामावर, दिवसाला 700. मशीन चालते ती फक्त पोळ्याच्या आधी, तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात त्या लाकडी नंदींची चाकं कातायला. शेजारच्या गावचा एक कारागीर 24,000 द्यायला तयार आहे. पेरणीला घेतलेले 20,000 तीन रुपये शेकड्यानं अंगावर आहेत. अर्ध्या भावात विकणं जिवावर येतं, काय करू?

भाऊ, 45,000 चा विचार सोडा. ते गेले, मशीन ठेवली तरी परत येणार नाहीत. आज हिशेब 24,000 चा आहे.

तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला 600, वर्षाला 7,200, आणि मुद्दल जसंच्या तसं. तुम्हीच लिहिता की मागच्या पोळ्याला 12,000 ची चाकं गेली आणि लाकूड, पॉलिश, वीज वजा जाता 5,000 उरले. त्यासाठी बारा दिवस यवतमाळचं काम सोडलं. म्हणजे 8,400 ची रोजी बुडाली. ती धरली तर मशीनच्या कमाईत काहीच उरत नाही, उलट 3,400 खिशातून गेले. वर व्याज चालूच.

म्हणून माझं मत, विका. आणि पोळा होईपर्यंत थांबू नका. त्या कारागिरालाही मशीन याच हंगामासाठी हवी आहे, म्हणून आज तो 24,000 म्हणतो. भादव्यात तो इतके देईल असं मला वाटत नाही.

तुमची गिऱ्हाईकं मात्र सोडू नका. नागपूरच्या भोसल्यांनी 1806 साली सुरू केलेला तान्हा पोळा अजून गावोगाव भरतो, नंदी लागणारच. सौदा करतानाच ठरवून घ्या की यंदाची चाकं तो कातून देईल आणि नगामागे किती घेईल. नंदीचं अंग, शिंगं, रंग तुम्ही घरी संध्याकाळी करा. रोजी बुडणार नाही.

पैसे आले की त्याच दिवशी 20,000 फेडा आणि चिठ्ठी परत घ्या. सावकाराकडे परवाना नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. पुढची पेरणी सोसायटीच्या किंवा बँकेच्या पीककर्जावरच करा. उरलेले 4,000 खात्यात राहू द्या आणि व्याजाचे 600 दर महिन्याला पोस्टाच्या आरडीत टाका. पाच वर्षांत नुसतं मुद्दलच 36,000 होतं. तेव्हा परत खराद घ्यावीशी वाटली तर उसने काढायची वेळ येणार नाही.

विकण्याआधी एवढं करा. बेडवरचा गंज रॉकेलच्या फडक्यानं पुसा, पट्टा ढिला असेल तर ताणून घ्या आणि गिऱ्हाईकासमोर सागाचं एक लाटणं उतरवून दाखवा. मशीन आवाज न करता फिरताना बघितली की भाव पाडायला तोंड उघडत नाही. पूर्ण पैसे हातात किंवा खात्यात आल्याशिवाय छोटा हत्तीत चढवू नका. दोघांच्या सह्यांचा साधा कागद करा.

छिन्न्या वडिलांच्या आहेत असं लिहिलंत. त्या सौद्यात घालू नका, त्यांचे वेगळे असे फार पैसे येणार नाहीत. तेल लावून घरीच ठेवा.