ट्रॅक्टरचे इंजिन तापतच नसेल तर काय तपासावे?

खानापूर तालुक्यातील एका शेतकरी बांधवांनी कळविले आहे की, थंडी सुरू झाल्यापासून त्यांच्या ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा हिरव्या पट्ट्यापर्यंत येतच नाही, सकाळी नांगरट सुरू केल्यावर बराच वेळ पांढरट धूर निघत राहतो आणि डिझेलही पूर्वीपेक्षा जास्त लागते. निपाणी भागातून ऊस वाहतूक करणाऱ्या दुसऱ्या बांधवांनी विचारले आहे की, उन्हाळ्यात इंजिन फार तापते म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकला, तेव्हापासून काटा खालीच असतो, तर इंजिन थंड राहते हे चांगलेच नव्हे का? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तर एकत्र देत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा समज आपल्या भागात फार पसरलेला आहे. इंजिन थंड राहणे चांगले नाही. पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालावे, अशाच हिशेबाने बनविलेले असते. त्याखाली ते सतत चालले, तर डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेला भाग लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या, भिंतीवरील ऑइल धुऊन काढतो आणि पिस्टनवरील रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होते, त्यात ओलावा आणि आम्ल साचते, आणि रिंगा व लायनर वेळेआधी झिजतात. तापलेले इंजिन वाफ सोडून लगेच इशारा देते, पण थंड चालणारे इंजिन दोन-तीन हंगाम काहीच न सांगता झिजत राहते आणि मग एकदम बोअरचे, म्हणजे लायनर-पिस्टनचे मोठे काम निघते. म्हणून या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणीची सुरुवात रेडिएटरमधील पाण्यापासून करावी, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून. यामागचे कारण महत्त्वाचे आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरे सांगतो. पाणी कमी होऊन तो हवेत उघडा पडला, तर आतून इंजिन भाजत असतानाही काटा थंड दाखवू शकतो. पाणी कमी आढळल्यास गळती शोधून ती आधी दुरुस्त करावी.

पाणी पुरेसे असेल, तर इंजिन खरोखरच थंड आहे की मीटर खोटे बोलतो, हे पाहावे. गॅरेजमध्ये दुरून तापमान मोजणारे यंत्र असेल, तर अर्धा तास काम केल्यानंतर थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजून घ्यावे. तेथे ८० च्या पुढे आकडा असून काटा खालीच असेल, तर दोष सेन्सर, वायर किंवा मीटरचा आहे, आणि कित्येकदा तो केवळ गंजलेल्या वायरच्या टोकात सापडतो. अशा वेळी थर्मोस्टॅटवर खर्च करू नये.

यंत्र नसेल, तर हाताने होणारी चाचणीही भरवशाची आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला पंख्यापासून जपून अधूनमधून हात लावावा. थर्मोस्टॅट नीट असेल, तर इंजिनचा माथा तापला तरी हा पाईप बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडताच थोड्याच वेळात हात टेकवत नाही इतका गरम होतो. याउलट पाईप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकलेली आहे किंवा थर्मोस्टॅट आत नाहीच, असे समजावे.

शंका राहिल्यास थर्मोस्टॅट काढून चुलीवर तपासता येतो. झडपेच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यातील पाण्यात असा लोंबकळत सोडावा, की तळाला टेकणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर धरावा. झडप उघडली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो, त्याच क्षणीचा आकडा पाहावा. पुष्कळ थर्मोस्टॅटवर उघडण्याचे तापमान कोरलेले असते. ८२ कोरलेला थर्मोस्टॅट ६० अंशांवरच पडला, किंवा गार पाण्यातही झडप मिटत नसल्याने दोरा धरतच नाही, तर तो बदलावा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९७-९८ अंशांवर उकळते, पण या चाचणीला तेवढे पुरते.

नवा थर्मोस्टॅट आपल्याच मॉडेलचा व त्याच अंशाचा घ्यावा, त्याची मेणाची कुपी (उष्णतेने फुगून झडप उघडणारा भाग) इंजिनच्या बाजूला ठेवून नव्या पॅकिंगसह बसवावा आणि पाणी सावकाश भरून हवा निघू द्यावी.

निपाणीच्या बांधवांनी थर्मोस्टॅट परत बसवावाच. उन्हाळ्यात इंजिन तापत होते त्याचे कारण बहुधा वेगळे असावे. उसाचा पाला, भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते, पंख्याचा पट्टा सैल होतो, आतून क्षार साचतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी बायपासमधूनच, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणाऱ्या वाटेनेच, फिरत राहते आणि इंजिन उलट जास्त तापते. तसेच कारखान्याच्या गेटवर रांगेत तासन्‌तास इंजिन नुसते चालू ठेवू नये, कारण बिनाभाराचे डिझेल इंजिन चांगल्या थर्मोस्टॅटसह देखील पुरेसे तापत नाही.

खानापूरकडील थंडीत काही जण रेडिएटरपुढे पोते बांधतात. दुरुस्ती होईपर्यंतही हा उपाय करू नये, दुपारी पोते काढायचे विसरले की इंजिन तापून हेड गास्केट (इंजिनच्या माथ्याखालचे पॅकिंग) जाते.

दुरुस्तीनंतर डिपस्टिक अवश्य काढून पाहावी. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली असेल, ते बोटांवर पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल बदलण्याचे ठरलेले तास भरण्याची वाट न पाहता ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत. ऑइल दुधट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता मिस्त्रीला शेतावरच बोलवावे.